अर्धी ऐकलेली हाक

मला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. मित्रांनो, मी एक जुना हरगोल, म्हणजे नदीतली गोल नाव आहे. बांबूच्या कांबी विणून केलेली मोठी परडी आणि तिच्यावर ताणून शिवलेलं म्हशीचं कातडं, एवढाच माझा देह. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी टोपली नदीतून वाहून चालली. पण या टोपलीत ज्वारीची पोती बसली, शेळ्या बसल्या, सासरी निघालेल्या नवऱ्या मुली बसल्या. आज माझ्याखाली कोंबड्या बसतात.

माझा जन्म भीमेच्या काठी, करजगीकडच्या अंगाला झाला. तेव्हा नदीच्या या काठावर निजाम सरकारचं राज्य होतं आणि त्या काठावर इंग्रजांचं. गुंडाप्पा नावाच्या नावाड्यानं मला आपल्या अंगणात विणलं. ओलं कातडं वादीनं शिवलं, उन्हात वाळवलं आणि करडईच्या तेलानं चोळून चोळून मऊ केलं. पहिले काही दिवस माझा वास इतका दरवळायचा, की गावची कुत्री अंगणातून हलत नसत. गुंडाप्पाची बायको बाणूबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "नाव करायलाव का म्हस निजवायलाव दारात?"

"वरीसभर थांब," गुंडाप्पा म्हणायचा, "मंग हीच म्हस दूध देती का न्हाई बघ."

आणि मी खरोखरच त्यांचं घर चालवलं. उतारू घेऊन आम्ही प्रवाहाबरोबर खाली जायचो. घत्तरगीच्या देवीला निघालेले नवसकरी असत, गाणगापूरला निघालेले आजारी असत, फिरोजाबादच्या पडक्या तटाखालच्या चिंचा विकत घेणारे व्यापारी असत. मी गोल, त्यामुळे पाण्यात भिंगरीसारखा फिरायचो. नवख्या माणसाला गरगरायचं.

"गुंडण्णा, ह्याचं तोंड कुठं हाय?" कुणीतरी काठ घट्ट धरून विचारायचं.

"तुमी जिकडं बघायलाव तिकडंच. गप बसा, उभं ऱ्हाऊ नका."

येताना मात्र प्रवाह उलटा. मग गुंडाप्पा मला पालथा करून डोक्यावर घ्यायचा आणि काठाकाठानं चालत घरी यायचा. जाताना नदीनं मला वाहायचं, येताना त्यानं. वाटेवरची पोरं ओरडायची, "कासव आलं रे, कासव आलं!"

गुंडाप्पाची एक रीत होती. कुठल्याही गावच्या घाटाला लागलो, की तो गुडघाभर पाण्यात उतरायचा. पहिली ओंजळ स्वतः प्यायचा, दुसरी माझ्या काठावर ओतायचा. "जिचं खायाचं तिला आधी भेटायचं," असं म्हणायचा. मला ती थंड ओंजळ फार आवडायची.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. त्या घरात मराठी बोलत, कारण बाणूबाई उदगीरकडची होती. तिची लेक रेणुका बापाला 'बा' म्हणायची. नदीवर मात्र सगळा कारभार कानडीत चाले. पलीकडच्या काठावर उतारू उभा राहिला, की ओरडायचा, "गुंडण्णा, बाऽऽ! बाऽऽ!" कानडीत 'बा' म्हणजे ये. गुंडाप्पाचं सारं आयुष्य ही हाक ऐकण्यात गेलं होतं. 'बा' ऐकू आलं, की त्याचा हात आपोआप वल्ह्याकडे जायचा. घरात त्याचे कान मराठी असत, पाण्यावर कानडी.

रेणुकाचं लग्न नदीकाठच्याच नीलकेरी गावी झालं. नवरा सिद्धू मेंढरं राखायचा. पहिलटकरणीला माहेरी आणायची वेळ आली, तेव्हा दसरा होऊन गेला होता. बाणूबाईनं डिंकाचे लाडू बांधले, जुन्या लुगड्याची दुपटी शिवली आणि ती स्वतःच माझ्यात येऊन बसली. परत येताना लेकीसाठी बैलगाडी करायची, असं ठरलं होतं.

बाणूबाईचा जीव मुळातच घाबरा. वाटेत एकाही घाटावर कपडे धुणारी बाई दिसली नाही, हे तिनंच पहिल्यांदा पाहिलं.

"अवो, आज नदीवर कुणीच कामून न्हाई?"

"राशीचे दिस हायत. रानात असतील."

"आन् त्या खांबाला लिंबाचे डहाळे कामून बांधलेत?"

"बाने, तू तर सावलीला बी विचारशील, कुणाची हायस म्हनून."

लाडवांचं गाठोडं तिनं पोटाशी घट्ट धरलं.

नीलकेरीच्या अलीकडे नदी खडकांतून वळते. तिथं पाणी सतत घोंघावतं. त्या वळणावरून घाट दिसू लागला, आणि घाटाच्या वरच्या पायरीवर रेणुका उभी दिसली. पोट पुढं आलेलं, हातात लिंबाचा डहाळा. ती डहाळा हलवत होती आणि जीव खाऊन ओरडत होती. पाण्याच्या आवाजातून एवढंच आमच्यापर्यंत येत होतं, "...बाऽऽऽ! ...बाऽऽऽ!"

"बघ, लेक बोलवायली," गुंडाप्पाचा चेहरा उजळला.

बाणूबाई पुढं वाकली. "तिनं दुसरं बी कायतरी म्हनलं. नको म्हनल्यावानी वाटलं मला."

"नको कामून म्हनंल? बा म्हनायली ती. ये म्हनायली."

"ती तुमाला बाच म्हनती की वो! थांबा जरा. पुन्हा ऐकू द्या."

पण वल्हं पाण्यात पडलं होतं. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी ते फिरवलं असतं. पण मी गोल. हाकणारा नेईल तिकडे जाणारा.

घाट जवळ आला. रेणुका पायऱ्या उतरून आली नाही. उलट एकेक पायरी मागं सरकत वर गेली. गुंडाप्पा हसत पाण्यात उतरला आणि रीतीप्रमाणे त्यानं पहिली ओंजळ तोंडाला लावली. तेवढ्यात रेणुकाची किंकाळी आली, आणि ही पुरती ऐकू आली.

"पिऊ नको, बा! थुंक ते! गावात पटकी लागलीया!"

दुसरी ओंजळ त्याच्या हातातच राहिली. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं.

"नको बा, नको बा म्हनून घसा फाटला की रं माझा," रेणुका मटकन खाली बसली. "वरच्या अंगाला मढ्यांची कापडं धुतली लोकांनी. ह्याच पान्यात. सकाळपास्नं तुझीच वाट अडवायला उभी हाय मी."

"चल, बस आत," गुंडाप्पा म्हणाला. "घरी चल."

"कशी येऊ? ह्यांना कालपास्नं लागलीया. आन् गाव बांधलंय. पंचांनी सांगितलंय, कुणी बाहीर जायचं न्हाई, कुणी आत यायचं न्हाई. मी आले, तर माझ्या संगं ती बी तुमच्या दारात यील."

बाणूबाईनं गाठोडं खालच्या पायरीवर ठेवलं. आम्ही पाण्यात मागं सरल्यावरच रेणुकानं ते उचललं. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी मात्र गरगर फिरत होतो, म्हणून बाणूबाईला लेक दिसायची आणि नाहीशी व्हायची, दिसायची आणि नाहीशी व्हायची.

त्या रात्री आम्ही खालच्या एका वाळवंटावर थांबलो. सकाळी गुंडाप्पाला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. दुपारपर्यंत त्याच्या बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. वैद्य मिळेल म्हणून बाणूबाईनं कसंबसं त्याला माझ्यात निजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वल्हं हाती घेतलं.

पुढच्या गावच्या घाटावर माणसं काठ्या घेऊन उभी होती. बातमी आमच्याआधी पोचली होती. त्यांच्यात महादेवप्पा होता. वर्षानुवर्षं माझ्यात बसून बाजाराला गेलेला, गुंडाप्पाच्या चंचीतली सुपारी खाल्लेला. तोही ओरडत होता, "बरब्याड! बरब्याड!" म्हणजे, येऊ नका.

गुंडाप्पानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते, तरी तो हसला.

"बाने, आता समदं कसं नीट ऐकू यायलंय बघ."

महादेवप्पानं एक केलं. उकळून निववलेल्या पाण्याची घागर आणि मिठाची पुडी दूरच्या खडकावर ठेवली आणि तो तोंड फिरवून गेला. त्याचे खांदे हलत होते. बाणूबाईनं ते पाणी घोट घोट करून नवऱ्याला पाजलं. पण फार उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत गुंडाप्पा माझ्यातच गेला. खांदा द्यायला कुणी आलं नाही. तिनं एकटीनं वल्ह्यानं वाळू उकरली.

मग तिनं मला राखेनं घासलं, कडक उन्हात वाळवलं, पालथा करून डोक्यावर घेतलं आणि काठाकाठानं ती चालू लागली. दर थोड्या वेळानं बसायची, पुन्हा उठायची. वाटेत पोरं दिसली, पण कासव आलं असं कुणी ओरडलं नाही.

सिद्धूही वाचला नाही. गाव मोकळं झाल्यावर रेणुका पायी माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. त्या घरात तेव्हापासून न उकळलेलं पाणी कुणी प्यालं नाही. शेजारणी हसायच्या, "रेणके, सरपान काय फुकट मिळतंय व्हय?" ती हसण्यावारी न्यायची नाही आणि भांडायचीही नाही. चुलीवरचं भांडं मात्र उतरायचं नाही. आणि घाटावर पोरं हाका मारायला लागली, की ती त्यांना थांबवायची. म्हणायची, "'नको बा' म्हनू नका. 'बा, नको' म्हना. हाकंचा शेवटचा शब्दच काय तो पान्यावरनं पलीकडं जातो."

मी पुन्हा पाण्यात उतरलो नाही. ज्यात माणूस गेला, त्यात कोण बसणार? अंगणात पालथा पडून राहिलो. तेल मिळेनासं झालं तसं कातडं तडकलं, कांबी उघड्या पडल्या. मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे एखादी जुनी नाव असेल, तर तिला वर्षातून एकदा तरी तेलाचा हात फिरवा. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. कुणी काठावरून हाक मारत असेल, तर वल्हं उचलण्याआधी ती पुरती ऐका. आणि शेजारी बसलेलं माणूस 'पुन्हा ऐकू द्या' म्हणालं, तर त्याला भित्रं म्हणून हसू नका.

परवा रेणुका लेकीला घेऊन माझ्याजवळ आली. कोंबड्या हाकलून तिनं माझ्या तडकलेल्या कातड्यावर करडईचं तेल चोळलं. आता त्याचा उपयोग नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मग ती नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि कित्येक वर्षांत जी हाक तिनं मारली नव्हती, ती तिनं मोठ्यानं दोनदा मारली.

"बाऽऽ... बाऽऽऽ!"

लेकीनं तिचा पदर ओढला. "आये, तू आज्जाला बा म्हनलीस का ये म्हनलीस?"

"दोन्ही," रेणुका म्हणाली, आणि तिनं उरलेलं तेल माझ्या काठावर ओतलं.