भागिले दोन

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर. जुना हे मान्य, पण मी कधी चुकलो नाही, असं परवापरवापर्यंत ताठ मानेनं सांगत होतो. बारा आकडे मावतील एवढी माझी काच आणि कपाळावर उजेड खाऊन मला चालवणारी काळी पट्टी. बटणं इतकी मोठी, की कष्टानं जाड झालेल्या बोटालाही चटकन सापडावीत. त्यातलं शून्याचं बटण साफ झिजलं आहे. हजार आणि लाख मोजण्यात आयुष्य गेलं, की असं होतं.

माझा कारखाना कुठे होता ते मला सांगता येणार नाही, कारण तिथून निघालो तो खोक्यात बंद होऊनच. पहिला उजेड पाहिला तो बीडच्या एका दुकानात. तिथून मला शिरूर कासारकडच्या आसाराम मुकादमांनी विकत घेतलं. मुकादम म्हणजे ऊसतोडीला माणसं नेणारा. दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊस तोडायला लांबच्या साखर कारखान्यांकडे जातात, ती यांच्यासारख्यांच्या टोळीतून. त्याआधी पावसाळ्यात मुकादम प्रत्येक घरी आगाऊ मजुरी देतात. तिला म्हणायचं उचल. पुढे पाच महिने ऊस तोडून ती फेडायची.

ही उचल माणसागणिक मोजत नाहीत, कोयत्यागणिक मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. जोडीदार नसलेलं एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. नऊ वर्षं मी हेच गुणाकार केले. इतके कोयते, इतके टन, इतका भाव. मुकादम हिशेबाला चोख होते. मजुरांसमोर मला उंच धरून म्हणायचे, "हे यंत्र लबाडी करत न्हाई." खोटं कशाला सांगू, तेव्हा मी खुशीत येऊन आकडे जरा जास्तच ठळक दाखवायचो.

मग मुकादमांच्या हातात मोबाइल आला आणि मी खिडकीत गेलो. खिळे, सुतळी आणि एका काडीचा चष्मा असा माझा शेजार होता. वर्षभर कोणी मला एक अधिक एकसुद्धा विचारलं नाही. माझ्यावर पाल बसायची, आणि तिलाही मी काही उपयोगाचा नव्हतो.

यंदाच्या मे महिन्यात सत्यशीला मॅडम दारात आल्या. त्या मूळच्या आष्टीच्या, आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी-दहावी झालेल्या मुलांसाठी त्यांनी वीस दिवसांचा वर्ग काढला होता. पैसा कसा येतो, कुठे जातो, कसा साठतो आणि कसा फसवतो, एवढाच विषय. त्या घरोघर जुने कॅल्क्युलेटर मागत फिरत होत्या. मुकादमांनी मला सदऱ्याला पुसलं आणि आनंदानं देऊन टाकलं.

सकाळी सात ते दहा वर्ग भरायचा. चौदा मुलं होती. बहुतेकांचे आईबाप नुकतेच कारखान्यावरून परतलेले. आणि मित्रांनो, त्या खोलीत मी जे पाहिलं त्यानं माझी छाती दडपून गेली. आकडे मी आयुष्यभर पाहिले होते, पण ते जिवंत असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "एक हजार रुपये ठेवले. वर्षाला सात टक्के व्याज, आणि मधे हात लावायचा नाही. करा गुणाकार." पोरं बटणं दाबत गेली. दहाव्या वर्षी माझ्या काचेवर एक हजार नऊशे सदुसष्ट उमटले. तिसाव्या वर्षी सात हजार सहाशे बारा. हरिओम नावाच्या मुलानं तर मला उलटं करून माझ्या पाठीकडे पाहिलं.

"मॅडम, मधी पैसे कुणी टाकले?"

"कुणीच नाही. व्याजावर व्याज चढत गेलं."

"आन् कर्ज घेतलं तर?"

"तर हेच तुमच्या उलट चढतं."

हरिओमनं खिसा चाचपला. त्यात वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला नवा फोन होता. हे सगळं माझ्या पोटात इतकी वर्षं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी घराचं वर्षाचं अंदाजपत्रक करायला सांगितलं. कागदावर पहिला रकाना होता, 'घरात कमावणारे किती?' बाराजणांनी लिहिलं, 'एक'. योगितानंही लिहिलं, 'एक'. योगिता वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, दहावीला सत्याऐंशी टक्के मिळवलेली. म्हणून मॅडम तिच्यापाशीच थांबल्या.

"कमावणारं कोण?"

"अण्णा."

"आणि आई?"

"माय अण्णांसंगं जाती. मोळ्या बांधती, ट्रक भरती. दोघं मिळून एक कोयता हाय ना मॅडम, म्हून एक लिहिलं."

मॅडमनी मला उचलून योगितापुढे ठेवलं. तिनं टन घातले, दोनशे ऐंशी. भाव घातला, तीनशे साठ. एक लाख आठशे आले. हा गुणाकार माझ्या ओळखीचा होता. मग तिचं बोट थोडं थांबलं आणि तिनं भागाकाराचं बटण दाबलं. भागिले दोन.

पन्नास हजार चारशे.

मित्रांनो, ते बटण नऊ वर्षं माझ्या अंगावर होतं! कोयत्याचा हिशेब करताना ते एकदाही कुणी दाबलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. उत्तरं सगळी बरोबर होती. एवढी बाई मात्र उत्तरातून गळाली होती, दर वर्षी, दर घरातून. माझा सगळा तोरा त्या क्षणी उतरला.

मॅडमनी घरचा अभ्यास दिला, आईवडिलांना शेजारी बसवून कागद पुरा करायचा. म्हणून रविवारी सकाळी मी योगिताच्या दप्तरातून तिच्या घरी गेलो. आम्ही ओसरीवर बसतो न बसतो, तोच आसाराम मुकादम आले. यंदा त्यांनी उचल लवकर वाटायला काढली होती.

योगिताचे वडील सुग्रीव म्हणाले, "मुकादम, औंदा दीड कोयता धरा. पोरगी येईल आमच्यासंगं."

योगिताचा चेहरा उतरला. तिला बीडला अकरावीला जायचं होतं. कॉलेज आणि वसतिगृह मिळून बावीस हजार लागणार होते. सुग्रीव काही वाईट माणूस नव्हता. घरावर स्लॅब टाकायचा, असं त्याचं पाच वर्षांपासून चाललं होतं. त्याच्या मनातल्या गणितात लाखाचे दीड लाख होत होते, आणि अर्ध्या कोयत्याचं वय काय, हे त्या गणितात कुठंच येत नव्हतं.

"अण्णा, आधी एवढा कागद पुरा करू द्या," योगिता म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, घरच्यांनीच बटन दाबायचं."

"मला न्हाई येत."

"एकच बटन हाय."

मुकादम हसले. "दाब की गड्या. माझंच यंत्र हाय ते, चावत न्हाई."

योगितानं यंदाच्या कोयत्याचे पैसे माझ्यावर घातले. सुग्रीवनं खरखरीत बोटानं ती सांगेल तसं भागिले दाबलं, दोन दाबलं, बरोबर दाबलं. मी पन्नास हजार चारशे दाखवले.

"हे कुणाचे?"

"हे मायचे. ह्या एका सालाचे." तिनं कागदावर बोट ठेवलं. "माय बारा हंगाम गेली. पहिले भाव कमी होता, म्हून मी सालाचे पस्तीस हजारच धरले." तिनं गुणाकार केला आणि मला बापापुढे धरलं.

चार लाख वीस हजार.

ताराबाई, म्हणजे योगिताची आई, चुलीपाशी होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन त्या ओसरीवर आल्या. त्यांना आकडा वाचता येत नव्हता. योगितानं तो मोठ्यानं सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे. मी पुष्कळ मोठे आकडे दाखवले आहेत, पण माझ्याकडे बघून कुणाचे डोळे असे विस्फारलेले मी पाहिले नव्हते.

"एवढं मी कमावलं?"

सुग्रीवनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

ताराबाई खाली बसल्या. "मुकादम, दीड न्हाई. एकच कोयता लिवा. पोरगी शाळंला जाईल. आन् माझ्या अर्ध्याची उचल माझ्या हातात द्या."

"वहिनी, आशी रीत न्हाई," मुकादम गडबडले. "बावीस साल मुकादमकी करतोय. बाईच्या हातात उचल कंदी दिली न्हाई."

"मोळ्या बऱ्या बाईच्याच डोस्क्यावर दिल्या."

मुकादमांनी सुग्रीवकडे पाहिलं. आता सगळं त्याच्यावर होतं. तो रागावला असता तर कागद तिथंच फाटला असता, आणि योगिता दिवाळीनंतर उसाच्या फडात गेली असती. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"बारा साल," तो शेवटी म्हणाला. "मी कंदी इचारलं बी न्हाई. द्या तिला, मुकादम. स्लॅबचं बघू पुढं."

मुकादमांनी पिशवीतून पाचशेच्या नोटांच्या दोन गड्ड्या काढल्या. एक सुग्रीवपुढे ठेवली. दुसरी हातात घेऊन जरा घुटमळले, आणि ताराबाईंपुढे ठेवली. ताराबाईंनी पदराला हात पुसले, गड्डीवरची पट्टी काढली आणि एक एक नोट मोजायला लागल्या. योगितानं मला पुढे केलं, तर त्यांनी मला हळूच बाजूला सारलं.

"गड्डी ब्यांकेची हाय वहिनी, बरोबर असती," मुकादम म्हणाले.

"आसंल. पर मी कंदी मोजली न्हाई."

त्या वीसच्या पुढे जात नव्हत्या. वीस झाल्या की एक ढीग, पुन्हा वीस की दुसरा ढीग. पाच ढीग झाले. मग दोन ढीग आणि वर चार नोटा त्यांनी उचलल्या आणि लेकीच्या हातावर ठेवल्या. मी बाजूला पडल्या पडल्या मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर बावीस हजार. त्यांना माझी काहीएक गरज पडली नव्हती, आणि मला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू!

मित्रांनो, जुन्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपलंत तर बरंच आहे. धूळ पुसा, उजेडात ठेवा. पण माझं मागणं वेगळं आहे. माझ्यावर पहिला आकडा घालण्याआधी घरात राबणाऱ्या सगळ्यांची नावं एकदा मोठ्यानं घ्या. कोणी सुटलं तर मला ते कळत नाही. मी तुम्हाला न अडखळता उत्तर देऊन मोकळा होईन.