एक चौकोन जास्त

तिनं पिशवी टेबलावर उपडी केली आणि विणलेले चौकोन मोजले. दहा. एकेक बाजूला ठेवत पुन्हा मोजले. दहाच.

"नऊ हवेत," ती म्हणाली. "गेल्या शनिवारी मी नऊच नेले होते."

"देवानं एक वाढवून दिला तर तक्रार कसली करतेस?" ड्रायव्हरदादा म्हणाले. बसचं चाक फिरवून रुंद झालेल्या त्यांच्या पंजात क्रोशाची सुई काडीपेटीतल्या काडीएवढी दिसायची. पण सगळ्यांत सुबक झालर त्यांचीच.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली शनिवारी दुपारी नऊ हौशी माणसांच्या ताब्यात असे. कुणी टकळीवर लोकर कातायला शिकत होतं, कुणी दोन सुयांवर विणायला. शिकवायच्या त्या भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नकाशावर छडी टेकवावी तशी विणकामावर सुई टेकवून चूक दाखवण्याची त्यांची सवय गेली नव्हती. ती स्वतः रुग्णालयात एक्स-रे काढायची, म्हणून इथे तिचं नाव 'एक्स-रेबाई' पडलं होतं. फोटोसाठी थांबलेली लहान मुलं त्या गार टेबलावर कुडकुडतात, असं तिनं एकदा बोलता बोलता सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून पांघरूण विणायचं ठरलं. लोकर फोटोत दिसत नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचा एक चौकोन, आणि ते घरी नेऊन, धुऊन, ताणून वाळवून आणायचं काम तिचं.

तर तीन शनिवार झाले, त्या पिशवीतून एक चौकोन जास्त निघत होता.

औषधांच्या दुकानवाल्या काकूंनी पहिला आळ ड्रायव्हरदादांवर घेतला. दादांनी कानाला हात लावले आणि सांगितलं, की आपल्याला एक चौकोन पुरा करताना नाकी नऊ येतात, दुसरा फुकटात विणून वर लपवायला आपण काय संत आहोत का? मग काकूंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणीच कबूल होईना. पुण्य करून नाकारणारं माणूस तसं विरळच, त्यामुळे खोलीत मोठी गंमत चालली होती.

जास्तीचा चौकोन कोणता, ते मात्र लगेच सापडलं. सगळ्यांनी एकच नक्षी घेतली होती, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या बारीक जाळीच्या तिरप्या रांगा. नऊ चौकोनांत त्या उजवीकडे चढत होत्या. दहाव्यात डावीकडे.

"उलटा ठेवला असशील," काकू म्हणाल्या.

तिलाही आधी तेच वाटलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं एक फिल्म उलटी लावली होती, आणि डॉक्टरांनी पेशंटचं हृदय उजवीकडे बघून तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट हातात आली, की ती आधी तिची बाजू तपासायची. तिनं चौकोन पालटला. मागची बाजू खरबरीत, टाक्यांच्या गाठींनी भरलेली. म्हणजे आधीचीच बाजू सुलट होती. पाव फेरा फिरवला की रांगा उजवीकडे चढत, पण टाके आडवे पडत. मग तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला, शेजारी आपला धरला, आणि फिल्म वाचावी तशी दोन्हींवरून नजर फिरवत राहिली. टाके सारखे, माप सारखं. फक्त सगळं आरशातलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चौकोन डोळ्यांजवळ नेला. त्यांनी विणकामाच्या सुरुवातीचा लोंबता धागा शोधून काढला. सगळ्यांचा एका कोपऱ्यात होता, याचा दुसऱ्या.

"आपल्यात डावखुरं कोण आहे?"

कुणीच नव्हतं.

"मग याला कुणी शिकवलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "शेजारी बसवून शिकवलं असतं तर हात आपल्यासारखे चालले असते. हे कुणाच्या तरी समोर बसून, नुसतं बघून शिकलंय. समोरच्याचा उजवा तो आपला डावा."

तिनं चौकोन घडी करायला घेतला. एवढ्याशा चौकोनाची घडी करायला तिला फार वेळ लागला.

तिच्या समोर संध्याकाळी एकच माणूस बसायचं.

सासूबाई गेल्या तेव्हा सासरे, म्हणजे बाबा, एक पेटी घेऊन तिच्या घरी राहायला आले, त्याला आता चार महिने होत होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान कधीच बंद झालं होतं. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर दुसऱ्या पाळीला असे, त्यामुळे संध्याकाळी घरात दोघंच. दिव्याच्या एका बाजूला ती सुया घेऊन, दुसऱ्या बाजूला बाबा वर्तमानपत्र घेऊन. बोलणं फारसं होत नसे. सुरुवातीला तिला त्याचं दडपण यायचं. मग हळूहळू त्या न बोलण्याची गोडी लागली. कामावरून परतताना, घरी कुणीतरी दिवा लावून बसलेलं असेल, हे तिला आधीच्या वळणापासून माहीत असायचं.

आता तिला आठवलं, की अलीकडे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज तिनं फारसा ऐकला नव्हता. पिशवीतला लोकरीचा गुंडा आपल्या अंदाजापेक्षा लवकर संपतो, आणि आपल्याला अजून अंदाज येत नाही असं ती समजत होती, तेही आठवलं.

आणि उद्या ते जाणार होते. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, की इथे आपण नुसते बसून असतो, इतके दिवस कुणी पाहुणा राहतो का. तिच्या नवऱ्यानं दोनदा वाद घातला. तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली आणि रविवारच्या बसचं तिकीट काढून आणलं. गावचं घर चार महिने बंद होतं. तिथे जेवलात का, असं विचारायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं.

"उसवून टाकू," काकू म्हणत होत्या. "तिन्ही. पांघरुणात विजोड दिसतील. लोकर तरी कामी येईल."

त्यांनी कात्री उचललीही. तिनं हात पुढे करून तिन्ही चौकोन आपल्याकडे ओढले, जरा जास्तच घाईनं. काकूंची कात्री तशीच हवेत राहिली.

"थांब, बघू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हाताखालून एक चौकोन अलगद काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्या डाव्या बाजूला एक नेहमीचा लावला. एक रांग इकडून चढत गेली, दुसरी तिकडून, आणि मधे दोन्हींचं टोक जुळलं. बाईंनी आणखी दोन लावले. शिखर, दरी, शिखर.

"डोंगररांग," बाई म्हणाल्या. जन्मभर फळ्यावर काढलेली गोष्ट टेबलावर आपोआप उगवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सगळे उठून टेबलाभोवती जमले. अख्खं पांघरूण असंच करायचं, हे कुणी न सांगता ठरलं. उजवीकडे चढणारे सत्तावीस तयार होते. म्हणजे डावीकडे चढणारेही सत्तावीस हवेत. तीन होते. काकूंनी हिशेब मांडला. चोवीस उरले, आपण नऊ जण, टाके उलट बाजूनं मोजायचे की कुणालाही रांग डावीकडे नेता येईल, तीन शनिवारांत पांघरूण तयार.

"नको," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"ज्यानं सुरू केलंय, त्यालाच करू दे."

"पण तो आहे कोण? आणि त्यानं नाही केलं तर?" काकूंचं म्हणणं रास्त होतं. बाईंनी मात्र तिच्याकडे नीट बघितलं, चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, की तोवर आपण लोकर कातू, नाहीतरी तुमचा कुणाचाच धागा अजून एकसारखा येत नाही.

संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि सुया घेऊन बसली. बाबा समोर होते. पेटी भरून दाराशी ठेवलेली होती, वर घडी घातलेला स्वेटर. बाबांच्या खुर्चीवरची उशी एका बाजूला जरा फुगलेली दिसत होती. बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा ती उचलून बघावी असं तिला वाटलं. तिनं बघितली नाही.

"आज आमच्याकडे गंमत झाली," ते परत येऊन बसल्यावर ती म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं, जणू कुणा तिऱ्हाइताचं. जास्तीचे चौकोन, ड्रायव्हरदादांवर आलेला आळ, काकूंची कात्री. कात्रीशी आली तेव्हा वर्तमानपत्र बोटभर खाली आलं. बाईंनी डोंगर कसे जुळवले ते सांगताना तिनं सुया खाली ठेवून हातांनीच शिखर करून दाखवलं. वर्तमानपत्र आता मांडीवर होतं.

"आता तसले आणखी चोवीस हवेत," ती म्हणाली. "पण आमच्यातल्या कुणालाच ते जमत नाही. आमचे हात सगळ्यांचे एकाच बाजूचे."

हे वाक्य तिनं दुपारपासून घोळवून ठेवलं होतं.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. घडीवरून नख फिरवलं.

"न जमायला काय झालं?" ते म्हणाले. "टाके उलट बाजूनं मोजायचे. रांग आपोआप डावीकडे जाईल."

बोलून झाल्यावर ते थांबले. आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला जाळीचे टाके कुठून मोजतात हे माहीत असायचं कारण नव्हतं. आणि तिची थाप उघडी पडली होती, तेही दोघांना कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "काकूही तेच म्हणाल्या."

"मग त्या माणसावाचून काय अडतंय?"

तिनं सुया उचलल्या. एक टाका विणला. दुसऱ्यात सुई घातली आणि धागा घ्यायचा विसरली.

"माझं अडतंय, बाबा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसला. घड्याळातला केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारे ते हात त्या काचेवर बराच वेळ फिरत राहिले.

"आठवड्याला एक धरला," ते म्हणाले, "तर चोवीस आठवडे होतात."

"घाई नाहीये कुणाला."

"हं."

मग जरा पुढे वाकून आणि आवाज उगाच खाली आणून, त्यांनी विचारलं, "मला एक सांग. महिन्यामागे तू दर ओळ सुरू करताना धागा सुईवरून घ्यायचीस. त्यानं कडेला एक भोक पडायचं. मग एकदम बंद केलंस. ते काय होतं?"

"चूक होती. बाईंनी सांगितल्यावर कळली."

"चूक?"

"चूकच."

"मला वाटलं कडेची नक्षी आहे," बाबा म्हणाले. "पहिल्या चौकोनात सगळीकडे केली मी. रात्री रात्री बसून, मोजून."

तिला हसू आवरेना. आधी बाबा तिच्याकडे नुसते बघत राहिले, कपाळाला आठी घालून. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला, आणि हसण्याचा आवाज त्यामागून आला. या घरात तो आवाज पहिल्यांदाच होत होता. बंद पडलेलं काही चालू व्हावं तसा तो आधी अडखळत आला, मग लागोपाठ.

डोळे पुसत त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले. "पाळी सुटायच्या आत कुणाला तरी तिकीट परत करायला स्टँडवर पाठव म्हणावं. तिकिटाची खिडकी नऊला बंद होते."

ती आत जाऊन फोन करून आली. नवऱ्यानं तीनतीनदा, खरंच का, असं विचारलं होतं. परत आली तेव्हा उशी जमिनीवर होती. बाबांच्या हातात बांबूच्या दोन घासून गुळगुळीत केलेल्या सुया होत्या आणि त्यांवर अर्धा झालेला चौकोन. दुसऱ्या हातानं ते आपली खुर्ची ओढत तिच्या खुर्चीच्या शेजारी आणू लागले होते. इथून नीट दिसेल, असं काहीसं पुटपुटत होते.

"नको, बाबा," तिनं खुर्चीची पाठ धरली. "तुम्ही समोरच बसा. शेजारी बसलात, तर तुमचेही डोंगर आमच्याच बाजूला चढायला लागतील."

त्यांनी क्षणभर विचार केला. मग दोघांनी मिळून ती खुर्ची उचलली आणि पुन्हा समोर ठेवली, दिव्याच्या जरा जवळ.