बार्शीची फायनल आणि बुधवार पेठेचं पाणी

ही गोष्ट २०१५ सालची. त्या वर्षी सोलापुरात पाऊस जवळजवळ झालाच नाही. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. माझी सून इंद्रायणी तेव्हा एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच होती, अकरा महिन्यांच्या करारावर. दर जूनला अर्ज घेऊन प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं, असं नऊ वर्षं चाललेलं.

त्या वर्षी प्राचार्य पंचाक्षरी सरांनी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, यंदा जिल्ह्याची फायनल जिंका. नाहीतर पुढच्या जूनला अर्ज करू नका. तुमच्या मैदानावर मला पार्किंग करायचंय."

इंद्रायणीच्या वहीत पहिल्या पानावर खेळाचे डाव नव्हते, पेठांच्या पाण्याच्या पाळ्या होत्या. ज्या मुलीच्या घरी त्या दिवशी पाणी, तिला सरावाची सुट्टी. बार्शीचे कोच चिडवायचे, "तुमचा संघ नळावर चालतो." ती म्हणायची, "मग, पोरींचे खांदे बघितले का?"

संघातली सगळ्यात उंच मुलगी प्रतिक्षा, बुधवार पेठेतली. आई दवाखान्यात आया, पहाटेच कामावर जायची. घरी आजी, पारूबाई, गुडघे धरलेल्या. पत्र्यावरच्या पिंपात शिडीशिवाय पाणी ओतू शकणारी त्या घरात एकटी प्रतिक्षाच. फायनल रविवारी, कॉलेजच्याच मैदानावर बार्शीविरुद्ध होती आणि पाण्याचा दिवस शनिवार, म्हणून इंद्रायणी निर्धास्त होती. पण शनिवारी पाणी आलंच नाही. रविवारी आठला येणार असं कळलं, आणि सामना साडेआठला.

संध्याकाळी आम्ही दोघी पारूबाईंकडे गेलो.

"चार दिसाचं पाणी हाय, बाई," त्या म्हणाल्या. "आमी काय तुमचा चेंडू पिऊन ऱ्हायचं?"

मी मध्ये पडले. "पाणी आम्ही भरतो. मी आणि माझा मुलगा."

"काय करतो मुलगा?"

"बँकेत आहे."

"मग खुर्ची लागंल की त्याला," पारूबाई म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

आमचा कमलाकर तेव्हा पन्नाशीचा. घरी बोअर, वर टाकी. त्या वयापर्यंत त्याने घागर उचलली असेल तर लग्नातल्या फोटोपुरती. सकाळी तो इस्त्रीची पँट दुमडून हजर झाला. मी नळाशी, तो शिडीवर. पारूबाई थोडा वेळ देखरेखीला बसल्या आणि मग चहा टाकायला आत गेल्या.

दारातून चहाचा कप पुढे करताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पितासा न्हवं?"

माझ्या सासूबाई प्याल्या नसत्या. मी घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं. पारूबाईंनी चमचाभर आणखी टाकली, आणि आमची ओळख झाली.

एवढ्यात नळ खोकायला लागला. पारूबाई बाहेर आल्या. पिंप काठोकाठ भरलेलं आणि प्यायच्या चारही घागरी कोरड्या. मोठं काम आधी उरकावं, हा कमलाकरचा बँकेतला हिशेब. मलाही कुठे सुचलं होतं? टाकीवाल्या घरातली माणसं आम्ही.

"पिंपातलं पण तेच पाणी आहे की, मावशी," कमलाकर म्हणाला.

"तळाला शेवाळ हाय त्याच्या. भांडी घासतो आमी त्यानं." त्यांनी चपला घातल्या. "पलीकडल्या गल्लीत नळ चालू असंल अजून. पोरीला आणते. कुटं हाय तुमचं मैदान?"

घरून पाण्याचे कॅन आणतो, असं कमलाकर शिडीवरून सांगत राहिला. त्याच्यावरचा विश्वास संपला होता. मी पारूबाईंच्या मागोमाग रिक्षात बसले आणि वाटेत सांगून टाकलं, "आज हरलो तर सुनेची नोकरी जाते."

त्यांनी रिक्षावाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा शेवटचं मिनिट चालू होतं. आपण एका गुणाने मागे, आणि चेंडू प्रतिक्षाच्या हातात. तिची नजर आजीवर गेली. पोरगी जागच्या जागी थांबली आणि मग चेंडू छातीशी धरून, सरळ चालत, आमच्याकडे यायला लागली. या खेळात चेंडू न आपटता चालता येत नाही, एवढं मलाही माहीत होतं. शिट्टी वाजली. चेंडू बार्शीला गेला.

"आले आज्जी," प्रतिक्षा म्हणाली.

पारूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डोक्याला हात लावून उभ्या असलेल्या इंद्रायणीकडे. "कशाला येतीस?" त्या म्हणाल्या. "पाणी भरलंय. जा, खेळ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

उरलेला वेळ बार्शीच्या मुलींनी चेंडू आपसांत फिरवत काढला. आपण एका गुणाने हरलो.

घरी इंद्रायणीने शिट्टी खुंटीला अडकवली आणि न सांगता कपाट आवरायला घेतलं. तिचं हे लक्षण चांगलं नसतं. त्या दिवशी प्यायचं पाणी पोचवायला कमलाकर बुधवार पेठेत गेला, तो माझ्यासाठी निरोप घेऊन आला: "अनसूयाबाईंना म्हणावं, सोमवारी कॉलेजात या. मी बी येते."

पंचाक्षरी सरांनी पारूबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"सायेब, मॅच मी हरवली. बाईंनी न्हाय."

"आजीबाई, निकाल म्हणजे निकाल."

"पोरगी चेंडू घिऊन माज्याकडं चालत आली, ते काय बाईंनी शिकवलं? ते घरचं वळण हाय. आजी दिसली की काम टाकून यायचं. बाईंचं शिकवणं बघायचं असंल तर मला घरी ठिऊन बघा की येकदा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "जूनला अर्ज करायला सांगा मॅडमना. पण पार्किंगचं मी विसरलेलो नाही."

पुढच्या वर्षी आपण सात गुणांनी जिंकलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

प्रतिक्षा खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली. आता कुर्डुवाडीला तिकिटं तपासते. नवरा माढ्याचा, सुमित नावाचा, तिच्यापेक्षा चार बोटं बुटका आणि त्याची त्याला काही फिकीर नाही. पारूबाई २०२१ साली गेल्या. त्याआधी, २०१६ची फायनल सोडली तर, त्यांनी एकही सामना चुकवला नाही. पंचगिरी करणाऱ्याला मात्र त्या शेवटपर्यंत बार्शीचा माणूस समजत होत्या. पंचाक्षरी सर निवृत्त होऊन अक्कलकोटला राहतात. पार्किंग झालं, ते ग्रंथालयामागे. कमलाकर यंदा निवृत्त झाला.

इंद्रायणी अजून अकरा महिन्यांच्या करारावरच आहे. दर वर्षी एक महिना तिला मैदान नसतं. तेवढा महिना ती आम्हाला पहाटे पाचला सरावाला उठवते.