अक्काचा चमचा आणि मी

मित्रांनो, मी सेलवर चालणारा एक जुना रेडिओ. बोलणं हा माझा धर्म. पण वेळेवर गप्प बसणं मला साधलं नाही, त्याचीच ही हकिगत.

मी नवा होतो तेव्हा माझं बटण डावीकडे फिरवलं की 'टक्' व्हायचं आणि मी मुकाट बंद व्हायचो. मला घरी आणलं ते एका घड्याळजीच्या थोरल्या बहिणीनं. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. रोज सकाळी माझ्यावर एक बुवा गात गात निरूपण करत, मागे झांज वाजे. अक्का भांडी घासता घासता ठेका धरायची. देवाचं नाव घरभर फिरे, आणि ते माझ्या तोंडून फिरे, याचं मला केवढं अप्रूप!

मग एकाच वर्षी दोन गोष्टी बिघडल्या. अक्काचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मागच्या खोलीत खाटेवर पडून ती काही लागलं की चमच्यानं पितळी पेल्यावर वाजवायची. आणि माझं बटण आतून सुटलं. ते नुसतं गरगर फिरे. आवाज मोठा तो मोठाच. मला बंद करायचं तर पाठीचा स्क्रू काढून सेल उपसावे लागत.

घड्याळजी जाम वैतागायचा. "गप रे बाबा, पाया पडतो तुझ्या!" म्हणत माझ्या पाठीत थापट्या घालायचा.

शेजारची शिंपीणबाई हसायची. "अहो भावोजी, लोकांची बंद घड्याळं चालू करता, आणि घरचा चालू रेडिओ बंद होईना होय?"

"उद्या उघडतो, वहिनी. हातातलं एवढं होऊ दे."

तो उद्या आठ महिने लांबला.

एका सकाळी बुवा रंगात आले होते. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एक नाजूक चाक बसवत होता. आतून चमचा वाजू लागला. मला तो कळला, पण मी थांबणार कसा? घड्याळजी मान डोलावत म्हणाला, "वा! आज झांज काय सुरेख लागलीय, अक्का!"

निरूपण संपलं. माझ्यावरच्या निवेदिका हवामान सांगू लागल्या. तरी झांज वाजतच होती. अगदी हळू, थांबून थांबून.

भिंग गळून पडलं. तो आत धावला. चमचा तोवर खाली पडला होता.

"अक्का! अगं, बोल ना!" तो तिच्या ओठांशी कान नेत होता, आणि मी ठणाणा करत होतो, 'हवामान कोरडे राहील.' तो परत आला, स्क्रूशी झटला. घाईत पेचकस खाचेतून निसटत राहिला. सेल निघाले तेव्हा घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला पाणी हवं होतं की नुसता भाऊ, देव जाणे.

तेराव्या दिवशी त्यानं मला उघडलं. एक पत्र्याची पट्टी वाकली होती. चिमट्यानं ती सरळ करायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही अडकलेलं असेल. हात जोडून सांगतो, ते आजच उघडा.

आता मी एका बोटानं बंद होतो. सकाळी तो मला लावतो. पहिली झांज वाजली की 'टक्' करतो, आणि मागच्या खोलीकडे कान देऊन बसून राहतो.