अकराच्या झडपा

त्या जुन्या प्रासादात आत्याने सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं: उन्हाशी शर्यत. पश्चिमेच्या खोल्या सकाळपुरत्याच बघायला उघड्या. अकराचा ठोका पडला की लाकडी झडपा लावायच्या, दार ओढून घ्यायचं. नाहीतर भिंतींवरचं जुनं रेशीम उन्हाने विटायचं. सव्वीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नाही. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होताना तिने किल्ल्यांचा जुडगा परत केला, तरी घरी अकरा वाजले की तिचे हात शिवशिवायचे.

आज ती तिकीट काढून आली होती, भावाच्या दोन पोरींना घेऊन. थोरली अकरा वर्षांची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढायची म्हणून तिला घरात मास्तरीण म्हणत. धाकटी सहा वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. पोरींना एकट्या आत्याबरोबर पाठवायला वहिनीचं मन होत नव्हतं. एकटं राहून राहून आत्यांचं लक्ष थाऱ्यावर नसतं, असं ती स्वयंपाकघरात म्हणाली होती, आणि हळू बोलायची सवय तिला नव्हती. भावाने मधला मार्ग काढला. आज सगळं नीट पार पडलं, तर महिन्यातला एक रविवार पोरी आत्याच्या. म्हणजे वर्षाचे बारा. आत्याने ते बाराही मनात मांडून ठेवले होते.

सकाळ छान गेली. मास्तरीणबाईंनी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली आणि दोन पाट्यांतल्या चुका आत्याच्या कानावर घातल्या. मालकाला एवढ्या खोल्या कशाला लागायच्या, झोपणार तर एकाच खोलीत ना, असं भिंगरीने विचारलं. त्यावर आत्या इतकी हसली की तिचं तिलाच नवल वाटलं.

वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीपाशी राखणीला आत्याच्या शेवटच्या महिन्यात लागलेली नवी मुलगी होती. आत्याला पाहून ती लगबगीने उठली. मावशी, तुम्ही आहातच तर मी चहा घेऊन येते, म्हणाली आणि गेली. मास्तरीण बाहेर बोळात पाटी वाचत होती. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. तेच लाकडी घोडं, तोच पाळणा. कुणीतरी पुन्हा तिच्या भरवशावर खोली सोडून गेलं होतं.

खालच्या घड्याळात अकरा वाजले. आत्याने एकेक करून झडपा लावल्या, खिट्ट्या सरकवल्या आणि बाहेर येऊन दार ओढलं. खटक्याचं कुलूप खट्कन बसलं. मग मास्तरणीचा हात धरून ती जिना उतरली. भिंगरी नेहमीसारखी पुढे धावली असणार.

बागेत भिंगरी नव्हती. दोघींनी कुंपणाच्या झुडपांमागे पाहिलं, कारंज्याच्या हौदात पाहिलं. मास्तरणीने केव्हा आईला फोन लावला ते आत्याला कळलंही नाही. पळता पळता आत्याने वर पाहिलं. पश्चिमेच्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या, एकीच्याच झडपा घट्ट लावलेल्या. चला, एक तरी वेळेवर लागली, असं तिच्या मनात आलं. आणि दुसऱ्याच क्षणी ती माघारी जिन्याकडे धावली.

त्या दाराची आतली मूठ कधीच निखळली होती. तिने स्वतःच तीनदा तक्रार लिहून दिली होती.

राखणवालीने किल्ली लावली. आत काळोखात भिंगरी पाळण्यामागे मांडी घालून बसली होती. रडत नव्हती.

"दार लावा ना," ती म्हणाली. "बाग जाते."

झडपेच्या लाकडातली एक गाठ गळून पडली होती. त्या बोटभर भोकातून समोरच्या भिंतीवर सगळी बाग उतरली होती, उलटी. हिरवळ वर, आभाळ खाली.

"तू पण होतीस त्यात. डोक्यावर पळत होतीस."

सव्वीस वर्षं झडपा लावून आत्या लगेच बाहेर पडत आली होती. आत थांबायचं कधी कारणच नव्हतं.

अर्ध्या तासात भाऊ आला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं आत्याला वाटलं.

"ताई, होतं असं चुकून," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आपण सगळेच मिळून येऊ."

आत्याने मान हलवली. एकटीच्या बारा रविवारांचं काय झालं ते तिला कळलं. तो घरी सोडतो म्हणाला. तिने थोडं थांबते म्हणून सांगितलं. निघताना भिंगरी तिच्या कानाशी लागली: तू वर जाऊन बघ, मी हात करीन.

आत्या वर गेली. पाच मिनिटं मला आत ठेवून दार लाव, असं तिने राखणवालीला सांगितलं. तिने एकवार आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार ओढलं.

भिंतीवर हळूहळू हिरवळ उमटली. तिच्याखाली तिघं जण फाटकाकडे चालली होती, पाय वर, डोकी खाली. सर्वांत लहान आकृती थांबली, वळली आणि हात हलवू लागली.

आत्यानेही अंधारात हात वर केला. तिकडून काही दिसणार नाही, हे मग तिच्या ध्यानात आलं. तरी भिंतीवर नुसती हिरवळ उरेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.