सोमवारचं उद्यापन

इंद्रजितचे झटके थांबेपर्यंत सोमवार धरीन, असं मी महादेवापुढे बोलले होते. इंद्रजित माझा मुलगा. जन्मापासूनच त्याच्या मेंदूत काहीतरी चुकलेलं होतं. मागल्या माघात तो गेला. सोमवार मी सोडले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर गेलं, झटकंबी गेलं. उद्यापन करून टाक. कशापायी जीव जाळतीस?"

मायेनंच म्हणाल्या. पण याला थांबणं म्हणायला माझी जीभ वळेना.

शिवाय माझ्या लेखी तो पुरता गेला नव्हता. आजारपणात त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली होती. महापेच्या प्रयोगशाळेत खदीजा मॅडमनी तिच्यातून पेशी वाढवल्या, आणि त्या पेशींपासून मेंदूचे इवलेसे गोळे. लहान मुलांना हा आजार कसा जडतो, ते शोधायला. सोमवारी देवळातून मी तशीच तिकडे जायचे. काचेआड, गुलाबी पाण्यात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. तेव्हापासून उपासाला मी साबुदाणा खात नाही.

"वाढलेत का हो?"

"वाढलेत, ताई. तुमच्यासारखेच हट्टी आहेत." मॅडम मूळच्या मोरा बंदराकडच्या, हसऱ्या. प्रसाद घेताना म्हणायच्या, "उपास तुमचा आणि केळी मला!"

एका सोमवारी त्या हसल्या नाहीत.

"ताई, आता यांना थांबवावं लागेल. औषधात बुडवून पातळ काप करायचे. आत पेशी कुठे चुकल्या, ते तेव्हाच दिसेल. तुम्ही आधीच हो म्हणालाय, पण विचारल्याशिवाय माझा हात उचलणार नाही."

"नको. राहू देत अजून थोडे दिवस."

"बरं."

त्यांनी वाद घातला नाही. मलाच राहवेना. विचारलं, "दिवसभर काय करतात हो ते?"

त्यांनी पडदा दाखवला. पेशी एकमेकींशी बोलतात, त्या विजेच्या रेघा. बारीक थरथरत होत्या. मग एकदम सगळ्या मिळून उसळल्या, पडल्या, पुन्हा उसळल्या. शांत झाल्या. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

माझा हात आपोआप पुढे गेला. झटका आला की मी त्याची मान अशीच धरायचे.

"हे तेच का?"

मॅडम पडद्याकडून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तेच. पण त्यांना कळत नाही, दुखत नाही. हा इंद्रजित नाही, ताई. खरं सांगते."

"कधीपासून होतंय?"

"बरेच दिवस झाले."

म्हणजे मी काचेपलीकडून 'वाढलेत का' विचारत होते, तेव्हाही.

"थांबवा," मी म्हटलं.

"घरी जाऊन विचार करा—"

"थांबवा, मॅडम. फक्त कुठे चुकलं, ते नीट बघा."

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "झालं, ताई." एवढंच बोलल्या.

पुढच्या सोमवारी मी उद्यापन केलं. चुरमा केला, तीन वाटे केले. एक देवाचा, एक घरचा. तिसरा डब्यात भरताना सासूबाईंनी वरून तूप सोडलं. "मॅडमला न्हेतीस न्हवं? कोरडा नगं."

मॅडमनी तो दारातच उभ्यानं खाल्ला. केळ्यांची चेष्टा केली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. गरम भाकरी, वर लोणी. मी पाहत बसले.

"खा गं," त्या म्हणाल्या.

मी खाल्ली.