कंसातलं हाकेयाचो

सेइगो मुराकोशींच्या सार्वजनिक न्हाणीघराखालून आठ वर्षं भुयारी रेल्वेचा बोगदा खणला जात होता. फळीवरच्या लाकडी बादल्या दिवसभर थरथरायच्या, गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण सेइगो मात्र खूश. "खणा बाबांनो, खणा!" म्हणायचे. कारण दारातच स्टेशन होणार होतं आणि स्टेशन म्हटलं की त्याला नाव लागतं.

नाव त्यांच्याकडे तयार होतं: हाकेयाचो, म्हणजे ब्रश बनवणाऱ्या कारागिरांची आळी. चाळीस वर्षांपूर्वी पत्ते सोपे करायच्या नादात पालिकेने ही आळी नकाशावरून पुसली आणि तिचं 'चुओ तीन' करून टाकलं. सेइगोंच्या वडिलांनी शेवटपर्यंत पाकिटावर जुनंच नाव लिहिलं. ते गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर 'चुओ तीन' आलं, आणि ते सेइगोंच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

रेल्वे कचेरीने लोकांकडून पोस्टकार्डावर नावं मागवली. एका ओळीत नाव, खाली कारण. सेइगो घरोघर हिंडले. समोरच्या धोबीखान्याचे हिरानो हात पुसत म्हणाले, "मुराकोशीसान, बाजूला एवढं मोठं रुग्णालय आहे. परगावचा माणूस पोट धरून गाडीतून उतरणार, त्याला तुमचे ब्रश काय कामाचे?"

"पोटाचं जाऊ द्या हो, तुमच्या आजोबांच्या इस्त्रीच्या पेटीवर कुठल्या आळीचं नाव कोरलंय ते वाचा एकदा!"

हिरानोंनी निमूटपणे कार्ड भरलं. अशी दोनशे बारा कार्डं जमली. शेवटचं घरचं. चहा ओतणाऱ्या बायकोपुढे त्यांनी ते सरकवलं.

तोमिए म्हणाल्या, "मी कधीच टाकलं. 'चुओ रुग्णालय' लिहिलं."

"काय?"

"अहो, गुडघे माझे दुखतात. आठवड्यातून दोनदा तिथे मला जायचं असतं."

सेइगो चार दिवस बायकोशी बोलले नाहीत. निकाल लागला, रुग्णालय जिंकलं. मग ते आणखी आठ दिवस बोलले नाहीत. त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही, असंही त्यांनी जाहीर केलं, तेही न्हाणीघराच्या हौदात गळ्यापर्यंत बसून, भर गर्दीत.

उद्घाटनाच्या दिवशी तोमिएंनी गुडघ्याचं निमित्त करून त्यांना जिना उतरून खाली नेलंच. फलाटावर मोठी पाटी होती: चुओ रुग्णालय. आणि तिच्याखाली कंसात, बारीक अक्षरांत: हाकेयाचो.

सेइगो पाटीपाशी गेले, चष्मा पुसून आले, पुन्हा गेले. "कंसात," ते पुटपुटले. "म्हणजे चपला काढून दाराबाहेर उभं केलंय." पण पाटीपुढून हलेनात.

फलाटावर रेल्वे कचेरीतला एक तरुण नावं विचारून माहितीपत्रकं वाटत होता. तोमिएंचं नाव ऐकताच तो कमरेत वाकला. "मुराकोशी आजी? ते कार्ड तुमचंच ना! समितीत मोठ्याने वाचलं आम्ही. 'नाव रुग्णालयाचंच द्या, पण कंसात हाकेयाचो लिहा, नाहीतर आमचे हे माझ्याबरोबर रुग्णालयात यायचे नाहीत आणि तिथल्या जिन्यात मला धरायला कुणी उरणार नाही.' हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. कंसाची कल्पना तिथूनच निघाली."

सेइगोंनी बायकोकडे पाहिलं. तोमिए माहितीपत्रक वाचण्यात गढून गेल्या होत्या.

दोघं गाडीत बसले, मुद्दाम एक स्टेशन पुढे जाऊन परत आले. परतताना डब्यात गोड आवाजात घोषणा झाली, "पुढील स्टेशन, चुओ रुग्णालय." बस्स, एवढंच. कंसातलं कुणी वाचलं नाही.

सेइगो उठून उभे राहिले. "हाकेयाचो!" न्हाणीघरात गरम पाणी संपल्याची हाळी ज्या आवाजात द्यायचे, त्याच आवाजात ते ओरडले. अख्खा डबा वळून बघू लागला.

तोमिएंनी त्यांची बाही ओढली. "पुरे आता. दार उघडतंय, मला धरा."

त्यांनी धरलं.